ला गार्साच्या पायऱ्या

महापौर निवास, सान ओनोफ्रे
९ जानेवारी

प्रिय यूदोसिया,

तुमच्या टेकडीवरची निन्फा पाव घेऊन आली की हे पत्र तिच्या टोपलीत ठेवीन. घरात फोन आहे, पण तो आधी सचिव उचलतात. आणि आपली पत्रांची रीत त्या फोनपेक्षा जुनी आहे. बत्तीस वर्षांपूर्वी टेकडीवरच्या शाळेत मी तुला अक्षरे शिकवली, तेव्हा दर रविवारी एक पत्र हा तुझा गृहपाठ होता. तो तू आजवर चुकवलेला नाहीस. आज मात्र आधी मी लिहिते आहे.

काल नाश्त्याच्या वेळी अब्दोनने वर्तमानपत्र उघडले आणि पहिल्याच पानावर तुझी नार्सिसा दिसली. परिचारिकेच्या पांढऱ्या गणवेशात, महापौरपदाचा अर्ज हातात धरून. ताटातला केळ्याचा गोळा तसाच राहिला. महापौरपदाच्या चोवीस वर्षांत त्याच्यासमोर वकील उभे राहिले, व्यापारी उभे राहिले, एकदा एक निवृत्त नौदल अधिकारीही उभा राहिला. पण कुणासाठी तो ताटावरून उठला नव्हता. काल एवढेच म्हणाला, "बाप्तिस्म्याला मी धरलं होतं तिला. माझ्या नव्या शर्टावर ओकली होती." आणि आत निघून गेला.

तो तिचा धर्मपिता, मी धर्ममाता. म्हणून तू माझी कोमाद्रे. हे नाते रक्ताचे नसले तरी चर्चमधल्या पाण्याचे आहे, आणि त्या पाण्याने जोडलेल्यांनी एकमेकांशी भांडणे आपल्याकडे पाप समजतात. अब्दोनची चारशे बारा धर्मलेकरे आहेत. त्यांतले एकही आजवर त्याच्याविरुद्ध उभे राहिलेले नाही.

तिला अर्ज मागे घ्यायला सांग. अंतिम तारीख एकोणीस आहे. टेकडीवर होणाऱ्या उद्यानाबद्दल तुम्हा लोकांच्या मनात भीती आहे, हे मी जाणते. तुझ्या घराच्या बाबतीत योग्य ती सोय करण्यात येईल आणि नियोजित सीमारेषा त्यानुसार आखण्यात येईल.

तुझी कोमाद्रे,
लिओनोर


ला गार्सा टेकडी
१२ जानेवारी

आदरणीय बाई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि मग नार्सिसाला वाचायला दिले. ती शेवटच्या ओळीपाशी थांबली आणि म्हणाली, "आई, इथून पुढे बाईंच्या पत्राला कचेरीचा वास येतोय."

मलाही तो आला होता. 'योग्य ती सोय करण्यात येईल' हे वाक्य तुमचे नाही. कोण करणार, कधी करणार, हे वाक्यात नसेल तर तुम्ही माझ्या वहीत लाल पेन्सिलीने रेघ मारायचात आणि शेजारी लिहायचात, 'माणूस कुठे आहे?' आज मी तुम्हाला तेच विचारते आहे.

नार्सिसाला हे सारे कसे कळले ते तुम्हाला ठाऊक नसेल. नोव्हेंबरात पालिकेचा एक मोजणीदार आमच्या पायऱ्यांवरून घसरला आणि पाय धरून दवाखान्यात आला. तिने पट्टी बांधली. पोरगा भला होता. उपकार फेडायचे म्हणून त्याने नळीतून नकाशा काढून तिच्यापुढे उलगडला. ला गार्सावर एकही घर नव्हते. सगळीकडे पांढरी वर्तुळे.

"ही झाडं का?" तिने विचारले.

"नाही हो ताई, छत्र्या. टेबलांवरच्या. वरून खाडी फार छान दिसते ना!"

"आणि आम्ही?"

त्याने नकाशा पालथा करून पाहिला, जणू आम्ही मागच्या बाजूला असू.

बाई, टेकडीवर सहाशे घरे आहेत. खालपासून वरपर्यंत दोनशे सतरा पायऱ्या आहेत. पालिकेच्या पत्रकात छापून आले आहे की त्या माझ्या लेकीचे धर्मपिता, म्हणजे माझे कोम्पाद्रे, अब्दोन यांनी बांधल्या. त्या कशा झाल्या, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सोळा महिने दर रविवारी मिंगा होई. ज्याच्या हातात जे असेल ते घेऊन घरटी एक माणूस कामाला येई. त्या वेळच्या एकेका घराने एक पायरी ओतायची आणि सिमेंट ओले असतानाच खिळ्याने तिच्यावर नाव कोरायचे. चौतिसावी पायरी आमची, तोमालांची आहे. तिच्यावर माझ्या नावाखाली एक लहानसे पाऊल उमटले आहे, कारण नार्सिसा माझा हात सोडून पळाली होती.

माझे घर तेवढे राहील म्हणता. पांढऱ्या छत्र्यांच्या मध्ये एकटी मी राहून काय करू? येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगू का, की इथे पूर्वी माणसे राहत असत?

ती अर्ज मागे घेणार नाही. मी तिला तसे सांगणारही नाही. पापाचे म्हणाल, तर लेकराचे घर मोडणारा धर्मपिता कुठल्या खात्यात बसतो, ते पाद्रींना विचारून कळवावे.

तुमची विद्यार्थिनी आणि कोमाद्रे,
यूदोसिया


महापौर निवास
२८ जानेवारी

प्रिय यूदोसिया,

सोळा दिवस उत्तर दिले नाही. रागावले होते. तुझ्यावर की स्वतःवर, हे ठरवायला इतका वेळ लागला.

ते वाक्य सचिवांनी सांगितले होते. मी लिहून घेतले. शिक्षिकेने लिहून घ्यावे याहून मोठी शिक्षा नाही.

तरीही अब्दोनबद्दल एक गोष्ट तू विसरू नयेस असे वाटते. टेकडीवर पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या खांद्यावर पाण्याचे पिंप होते, आणि त्या वेळी कुठलीही निवडणूक नव्हती. पास्तोराआजींनी त्याला वरून ओरडून विचारले होते, "अरे, पाणी आणतोयस की सांडतोयस?" आणि तो निम्म्या वाटेवर बसून हसत सुटला होता. मी त्या हसण्याशी लग्न केले. आता तो चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. ज्या सकाळी तो महापौर नसेल त्या सकाळी उठून तो काय करील, याची मला कल्पना करता येत नाही. त्यालाही येत नाही; म्हणून तो निवडणूक लढवतो.

प्रचाराचा शेवटचा मोठा समारंभ पंधरा फेब्रुवारीला कॅथेड्रलसमोरच्या चौकात आहे. आपल्या सगळ्या धर्मलेकरांना तो एकेक करून आशीर्वाद देणार आहे. दूरचित्रवाणीवर थेट दाखवतील. कचेरीतल्या एका कारकुनाने चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून नावे उतरवली आणि शुद्धलेखनासाठी यादी माझ्याकडे दिली. लाल पेन्सिल घेऊन बसले आहे. किती नावे विसरून गेले होते!

पायऱ्यांबद्दल तू लिहिलेस ते खरे आहे. मीही वाळू चाळली होती. पण माझे नाव कुठल्याच पायरीवर नाही. मी तेव्हा उमेदवाराची बायको झाले होते, आणि ते शोभणार नाही असे कुणीतरी म्हणाले.

लिओनोर


ला गार्सा टेकडी
८ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

आज टेकडी इतकी हसली आहे की ते तुमच्या गच्चीवर ऐकू आले असेल.

काल पोस्टमन सोनेरी काठाचे पाकीट घेऊन आला. वर छापलेले होते: 'आमच्या लाडक्या धर्मकन्या, कुमारी नार्सिसा तोमाला यांस.' चौकात यावे, रांगेत उभे राहावे, महापौरांचा आशीर्वाद घ्यावा! तुमच्या त्या कारकुनाने नोंदवहीतून नावे जशीच्या तशी उतरवली आणि आपण कुणाला बोलावतो आहोत, हे पाहिलेच नाही. बिचाऱ्याची धडगत नाही.

हसण्याची गरज होती, कारण चार दिवस नळाला पाणी नाही. दुरुस्ती चालू आहे म्हणतात. ती फक्त आमच्याच टेकडीवर का चालते, हे कुणी सांगत नाही. परवा महापौरांचा माणूस एलादियो घरोघर फिरला. पास्तोराआजींच्या दारात उभा राहून म्हणाला, "आजी, नातवाच्या बाप्तिस्म्याची मेणबत्ती आहे ना जपून? महापौरांनी दिलेली? मग मत कुणाला, हे विचारायला नको."

आजी म्हणाल्या, "मेणबत्ती आहे रे राजा. पाणी नाहीये. मेणबत्ती पिऊ का?"

"तसं नाही आजी..."

"मग कसं ते वर जाऊन विचारून ये. आणि येताना एक बादली भरून आण."

पाकिटावरून मात्र आमच्या घरात भांडण झाले. नार्सिसा म्हणाली, "मी जाणार नाही. मी निवडणूक लढवतेय, नाटक नाही करत."

मी म्हटले, "नाताळला त्यांच्यापुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागायचीस, ते नाटक होतं का?"

"तेव्हा मी लहान होते."

"आता मोठी झालीस म्हणून ते तुझे धर्मपिता राहिले नाहीत? नातं त्यांनी विकायला काढलंय, आपण नाही काढलं. जा आणि आपलं आहे ते मागून घे."

"आणि नाही दिलं तर?"

"तर सगळं शहर बघेल."

ती अजून हो म्हणालेली नाही. पाकीट आरशाला टेकवून ठेवले आहे.

यूदोसिया


महापौर निवास
११ फेब्रुवारी

यूदोसिया,

कारकुनाची चूक अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही. यादी छापून झाली, क्रमांकही लागले. नार्सिसाचा एकशे सत्त्याऐंशी.

एवढेच सांगते: रांगेत आलेल्याला त्या मंचावरून परत पाठवता येणार नाही. अब्दोन प्रत्येकाला तोच एक आशीर्वाद देणार आहे. तो त्याला पाठ आहे आणि तो बदलायचे त्याला सुचत नाही.

हात दुखतो आहे. अधिक लिहीत नाही.

लिओनोर


ला गार्सा टेकडी
१६ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

काल तुम्ही मंचावर होतात, पण तुम्हाला कोम्पाद्रेंची पाठ दिसत होती. मी खाली पहिल्या रांगेत होते. समोरून काय दिसले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिल्या शंभरांपर्यंत त्यांचा चेहरा उजळत गेला. खरे सांगते, तो खोटा नव्हता. कुणाचे लग्न झाले, कुणाच्या कडेवर मूल, हे ते विचारत होते. डोक्यावर हात, आणि तेच शब्द: "देव तुझ्या पाठीशी राहो, आणि जे मनात धरून आला आहेस ते पूर्ण होवो." पुढे दमले, शब्द आपोआप येऊ लागले, आणि डोके कुणाचे आहे ते न पाहता हात खाली येऊ लागला.

एकशे शहाऐंशीवा पोरगा उठला. नार्सिसा गुडघ्यांवर बसली. गणवेशातच आली होती; दवाखान्यातून परस्पर.

"आशीर्वाद द्या, धर्मपिता."

हात डोक्यावर आला आणि तिथेच थांबला. त्यांनी खाली पाहिले. त्यांच्या शर्टाच्या कॉलरला तो छोटा ध्वनिक्षेपक लावलेला होता, हे ते विसरले. पुटपुटले ते अख्ख्या चौकाने ऐकले.

"तू इथं कशी?"

"तुम्ही बोलावलंत. सोनेरी काठाचं पाकीट होतं."

लोक हसले. बँडवाल्याने उगाच ढोल वाजवला आणि थांबला.

"ऊठ, नार्सिसा. लोक बघताहेत."

"बघू द्या की. लहानपणी कधी रिकामं पाठवलं नाहीत तुम्ही मला. एकशे शहाऐंशी जणांना दिलंत तेच द्या. जास्त नको."

सचिव धावत पुढे येऊ लागले. तेव्हा तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि ते थबकले. हे मी पाहिले, बाई. त्यांच्या वाटेतच उभ्या राहिलात.

कोम्पाद्रेंनी एकदा चौकाकडे पाहिले. रांगेत अजून दोनशे पंचवीस जण उभे होते आणि सगळे मान वर करून पाहत होते. नाही म्हटले असते, तर ते चारशे बारांतल्या एकाचेही धर्मपिता उरले नसते. हात तिच्या केसांवर टेकला. शब्द सगळे आले.

"देव तुझ्या पाठीशी राहो, आणि जे मनात धरून आली आहेस... ते पूर्ण होवो."

"आभारी आहे," ती म्हणाली, आणि त्यांचा हात घेऊन तिने कपाळाला लावला. त्यांनी तो लगेच काढून घेतला नाही. हेही मी समोरून पाहिले, आणि म्हणून तुम्हाला लिहिते आहे. त्या एका क्षणात मला पाण्याच्या पिंपाखालचा माणूस दिसला.

मग मागचा एकशे अठ्ठ्याऐंशीवा, आमच्या पास्तोराआजींचा नातू, गुडघे टेकता टेकता मोठ्याने म्हणाला, "मी पण तेच मनात धरून आलोय हो, धर्मपिता!" पुढचे तुम्हाला ठाऊकच आहे. टेकडीवरचा प्रत्येक जण तेच म्हणत गेला आणि त्यांना प्रत्येकाला तोच आशीर्वाद द्यावा लागला.

पाणी आज सकाळी आले. तोंडदेखले का होईना, आले.

यूदोसिया


महापौर निवास
५ मार्च

प्रिय यूदोसिया,

निकाल तुला ठाऊक आहे. नऊ लाख मतदारांच्या शहरात अब्दोन एक हजार आठशे सहा मतांनी जिंकला. फटाके वाजले. तो गच्चीवर गेला, हात हलवला, आत येऊन बूट न काढता खुर्चीत बसला.

"ला गार्सावरची प्रत्येक पेटी तिची," तो म्हणाला. "माझी लेकरं! पाण्यात धरलेली!"

"म्हणूनच तर तुझा आशीर्वाद त्यांनी मनावर घेतला," मी म्हटले.

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेल्यावर त्याने पहिली सही टेकडी रिकामी करण्याच्या आदेशावर केली. मी विचारले, "पहिल्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही तुला?" तो म्हणाला, "लोक विसरतात, लिओनोर." मी म्हटले, "लोक नाही. तू विसरलास."

आता तुझ्यापासून लपवलेली गोष्ट. ती चूक कारकुनाची नव्हती. त्याने आंधळेपणाने नावे उतरवली हे खरे, पण यादी तपासायला माझ्याकडेच होती. एकशे सत्त्याऐंशीवर आले, तेव्हा लाल पेन्सिलीचे टोक कागदावर टेकवलेले होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका शोधत आले. त्या नावात मला चूक सापडली नाही. मी पुढच्या नावाकडे वळले.

त्या कारकुनाला काल कामावरून काढणार होते. म्हणून मी सगळ्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर, खरे काय ते सांगितले. अब्दोन उठून गेला. काल रात्रीपासून तो कार्यालयातल्या कोचावर झोपतो. कारकुनाची नोकरी राहिली. माझ्या घराचे काय होईल, ते मला माहीत नाही. गंमत अशी, की आता आपल्या दोघींनाही हीच चिंता आहे.

मत मी माझ्या धर्मकन्येला दिले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काही लिहिल्यासारखे वाटले.

माझे गुडघे चांगले नाहीत, आणि वर कुठल्याही पायरीवर माझे नाव नाही. तरी विचारते: यंत्रे येतील त्या दिवशी टेकडीवर एका म्हाताऱ्या शिक्षिकेला बसायला जागा मिळेल का? आणि एक विनंती. मला आता बाई म्हणू नकोस.

लिओनोर


ला गार्सा टेकडी
७ मार्च, शनिवार

प्रिय लिओनोर,

बघ, लिहिले. पहिल्यांदा हात अडला, मग नाही अडला.

यंत्र तुझ्या पत्राच्या आधीच आले. काल सकाळी पिवळा राक्षस खालच्या रस्त्याला लागला. नार्सिसा पहिल्या पायरीपाशी खुर्ची टाकून बसली होती. तिच्या मागे दुसरीवर पास्तोराआजी, तिसरीवर त्यांचा नातू, आणि असे करत वर दोनशे सतरापर्यंत माणसे. चालकाने ओरडून विचारले, "ओ ताई, तुम्ही हरलात ना? मग?"

ती म्हणाली, "निवडणूक हरले. घर कधी हरले?"

त्याने यंत्राचा जबडा एकदा खाली आणला. पहिली पायरी मध्ये तडकून फुटली, नार्सिसाच्या पायांपासून हातभर अंतरावर. ही हलली नाही. तो खाली उतरला, टोपी काढली, आणि म्हणाला, "माझ्याही पोराचे धर्मपिता तेच आहेत हो." मग यंत्र मागे घेऊन निघून गेला. सोमवारी दुसरा कुणी येईल. येऊ दे. आम्ही वेळापत्रक केले आहे. पायरीवर कुणी कधी बसायचे ते ठरले आहे. न्यायालयात अर्ज गेला आहे, आणि टेकडीवरच्या सहाशे घरांपैकी एकानेही सामान बांधलेले नाही.

तुझे पत्र नार्सिसाला वाचून दाखवले. लाल पेन्सिलीपाशी ती उठून बाहेर गेली. बऱ्याच वेळाने आत आली तेव्हा म्हणाली, "धर्ममातेला विचार, वाळू अजून चाळता येते का."

उद्या रविवार आहे. मिंगा आहे. फुटलेली पहिली पायरी पुन्हा ओतायची आहे. ती मुळात शाळेची पायरी होती. तिच्यावर कुणाचेच नाव नव्हते, कारण त्या वेळी तिच्यासाठी जिने वाळू चाळली तिला नाव लिहू दिले नाही.

पहिलीच पायरी आहे, गुडघ्यांना त्रास होणार नाही. नऊ वाजता ओतू. अकरापर्यंत सिमेंट ओले राहते, नंतर कुणालाच काही लिहिता येत नाही. पेन्सिल आणू नकोस. खिळा माझ्याकडे आहे.

ये.

यूदोसिया